आधी चिंधीवर, मग पिशवीवर

“ताई, पिशवी धुतली आणि तिचा पार बोळा झाला हो!”

फोनवरचा आवाज चिडलेला नव्हता, रडवेला होता. म्हणूनच जास्त लागला.

मुलाच्या मुंजीत पाहुण्यांना द्यायला त्या बाईंनी आमच्या बचत गटाकडून ५० कापडी पिशव्या करून घेतल्या होत्या. पांढऱ्या मांजरपाटावर अंबारीचा हत्ती, भोवती वेलबुट्टी, खाली बटूचं नाव. पिशव्या हातात देताना आमचं आम्हालाच कौतुक वाटलं होतं. आठवड्याभरात एका पाहुणीने पिशवी धुतली आणि हत्तीभोवतीचं कापड चुण्या पडून गोळा झालं. मग दुसरीचं तसंच, तिसरीचंही तसंच. आम्ही अर्धे पैसे परत केले. भरतकामाचं मशीन कर्जावर घेतलेलं, त्याचा हप्ता मात्र कुणी अर्धा करून देणार नव्हतं!

त्यानंतरच्या बैठकीत कोण कुणाला काय बोललं, ते इथे लिहीत नाही. कुणी मशीनला दोष दिला, कुणी दोऱ्याला, कुणी कापडवाल्याला. सगळ्यांचं बोलून झाल्यावर गटातल्या मावशींनी एवढंच विचारलं, “आपल्यापैकी एकीनं तरी देण्याआधी एक पिशवी धुऊन बघितली होती का गं?”

कुणीच बोललं नाही. मीही नाही. कारण तो हत्ती संगणकाच्या पडद्यावर बघून, “अय्या, किती गोड!” म्हणत मीच तर निवडला होता.

झालं होतं ते साधंच. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही. त्यात आमच्या हत्तीला १४ हजार टाके! पातळ कापडावर एवढी दाट भरणी म्हणजे नाजूक मुलीच्या अंगावर पाच किलोचा शालू. कापड आटलं, भरतकाम तसंच राहिलं आणि मधल्या ओढाताणीत चुण्या पडल्या.

मला माझी आई आठवली. अभ्र्यावर फूल काढायचं तर ती आधी बटर पेपरवर नक्षी काढून सुईने भोकं पाडायची, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीने छाप उठवायची आणि पहिली पाकळी नेहमी एखाद्या चिंधीवर भरून बघायची. रंग जातो का, दोरा ओढतो का, सगळं त्या चिंधीवरच कळायचं. आमच्या हातात मशीन आलं आणि आम्ही चिंधी विसरलो.

तेव्हापासून गटात नियमच केला. कुठलंही नवं डिझाइन आधी चिंधीवर, मग पिशवीवर. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी घरी असं काम करत असाल, तर आम्ही पैसे मोजून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

डिझाइन विकत घेताना आम्ही आता चित्राच्या आधी टाक्यांचा आकडा बघतो. आमचं मशीन मिनिटाला साधारण ५०० टाके घालतं. १४ हजार टाक्यांच्या हत्तीला नुसती शिलाईच २८ मिनिटं. शिवाय रंग बदलणं, रिंग लावणं, दोरे कापणं धरून एका पिशवीला ४० मिनिटं. म्हणजे ५० पिशव्यांना ३३ तासांच्याही वर! तेच ४ हजार टाक्यांचं, दोन रंगांचं कमळ सगळं धरून पंधरा मिनिटांत होतं. ५० पिशव्या साडेबारा तासांत. गिऱ्हाईक दोन्हीला जवळपास सारखाच भाव देतं. मग आपल्या कंबरेचा आणि डोळ्यांचा हिशेब कुणी करायचा?

दुसरी गोष्ट आकाराची. आपली रिंग चार इंची असेल, तर सहा इंचाचं डिझाइन दाबून तिच्यात बसवायचं नाही. आकार दहा-वीस टक्क्यांपेक्षा जास्त कमी केला आणि टाके तेवढेच राहिले, तर ते एकमेकांवर चढतात. कापड पत्र्यासारखं ताठ होतं, सुया मोडतात. उलट फार वाढवलं तर टाक्यांमधून खालचं कापड डोकावतं.

तिसरी गोष्ट कापडाची. एकच डिझाइन सगळीकडे चालत नाही. टॉवेलवर बारीक रेषा बुडून जातात, म्हणून वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवावी लागते. तागाच्या पिशवीवर नाजूक फूल दिसतच नाही, तिथे ठसठशीत आकारच हवेत. खणाचं कापड स्वतःच इतकं नटलेलं असतं की, त्यावर एका रंगाची ठळक बुट्टी पुरते. वारली माणसं मांजरपाटावर छान उठतात, टाकेही कमी लागतात. मात्र कमरेशी मिळणाऱ्या दोन त्रिकोणांत फट पडते का, ते बघावं लागतं. जरीचा दोरा असेल तर मोठ्या नाकाची सुई लावून मशीन हळू चालवावं, नाहीतर दोरा सारखा तुटतो.

आणि चौथी गोष्ट आपल्या मराठी अक्षरांची! इंग्रजी अक्षरं लहान आकारातही बऱ्यापैकी निभावून जातात. आपल्याकडे मात्र वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा नि अनुस्वार, खाली उकार. अक्षर बारीक केलं की ‘ध’ आणि ‘घ’ ओळखू येत नाहीत, ‘क्ष’चा तर नुसता ठिपका होतो. नाव घालायचं तर पूर्ण नाव आधी भरून बघावं आणि ते नाव माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्यावं. आमच्याकडे हे काम मावशींची चौथीतली नात करते. ती अडखळली की अक्षर मोठं करायचं!

आता चाचणीची रीत. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करायची. चाचणी त्याच कापडावर, त्याच दोऱ्याने आणि मागे तोच आधाराचा कागद लावून करायची. ‘हा तुकडा पडलाय, यावरच बघू’ हे चालत नाही. भरून झालं की उलटी बाजू बघायची. पट्टीच्या भरणीत मधोमध बॉबिनचा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा दोरा दिसला, तर ताण बरोबर आहे. मग तो तुकडा दोनदा धुवायचा. पांढऱ्या ओल्या कपड्याने लाल, निळा दोरा चोळून रंग जातो का ते बघायचं. नखाने लांब टाके उचकटून बघायचे, कारण पिशवीत किल्ल्या असतात, बांगड्या अडकतात. शेवटी उलट बाजूने इस्त्री.

हे सगळे तुकडे आम्ही एका जाड वहीत चिकटवतो. शेजारी टाके, वेळ, सुई, कापड आणि ‘चालेल’ किंवा ‘नको’. ‘नको’ची पानंच जास्त आहेत. त्यांनीच आमचे पैसे वाचवलेत.

आणखी एक. मुलांच्या वस्तूंवर कार्टून काढून द्या, असं गिऱ्हाइकं हमखास म्हणतात. पण ती चित्रं कुणाच्या तरी मालकीची असतात आणि आपल्याकडे त्यासाठी १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. विकत घेतलेल्या डिझाइनच्याही अटी वाचाव्यात. काही फक्त घरच्या वापरासाठी असतात, त्यावर वस्तू करून विकता येत नाहीत. आमची एक सखी आता रांगोळीतली कमळं, कुयऱ्या स्वतः काढते, त्यावरूनच आम्ही डिझाइन करून घेतो.

गेल्या संक्रांतीला वाणासाठी पिशव्यांची ऑर्डर आली. गिऱ्हाइकासमोर आम्ही दोन तुकडे ठेवले, एक कोरा, एक दोनदा धुतलेला. त्यांनी दोन्ही हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि भाव न पाडता आगाऊ पैसे दिले. पूर्वी आम्ही नमुन्याला लागलेला दोरा, कापड ‘वाया गेलं’ म्हणायचो. आता तो खर्च किमतीत धरतो.

मुंजीच्या त्या बाईंनी मात्र पुन्हा ऑर्डर दिलेली नाही. त्यांचं चुकलं असं कसं म्हणू? त्यांच्या मुलाची मुंज काही परत होणार नव्हती. त्यांच्या पिशवीचा चुरगळलेला हत्ती आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. नवी बाई गटात आली की मावशी तिला मशीनच्या आधी ते पान दाखवतात.