धवलेरी, सप्तपदी आणि कायदा

जव्हार-मोखाड्यात परंपरेने वारली आदिवासींचं लग्न धवलेरी लावते. ती बाई असते, भटजी नव्हे. खर्च झेपत नाही म्हणून आधी संसार थाटून, पोरं झाल्यावर सामुदायिक सोहळ्यात बाशिंग बांधणारी जोडपीही इथे आहेत. कायद्याला यात वावगं वाटत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २(२) नुसार केंद्राची अधिसूचना नसेल तर तो अनुसूचित जमातींना लागूच नाही. तिथे रूढी चालते. तेव्हा ‘विवाह हा एकाच साच्याचा पवित्र संस्कार, म्हणून समलिंगी विवाह नको’ हा युक्तिवाद निदान भारतीय कायद्याच्या आधारे टिकत नाही. रूढीतही नवरा-नवरीच असतात, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. रूढीतून समलिंगी विवाहाचा हक्क निघत नाही. पण १९५४ चा विशेष विवाह कायदा कोणाचा धर्मच विचारत नाही, मग तिथे श्रद्धेने आडवं का यावं? समलिंगी संबंध २०१८ मध्ये गुन्ह्यातून सुटले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाची मान्यता मात्र नाकारली, तीही धर्मग्रंथ पुढे करून नव्हे. हे काम कायदेमंडळाचं, असं म्हणून. संसदेने उद्या तसा कायदा केला, तरी नोंदणी होईल सरकारी कचेरीत. धवलेरीला किंवा भटजीला कोणी मांडवात ओढणार नाही.