संपकऱ्यांच्या घरी राहिलेला कॅमेरा

1977 च्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर ‘हार्लन काउंटी, यूएसए’ला मिळालं. ते स्वीकारणाऱ्या बार्बरा कोपल तेव्हा अवघ्या तीस वर्षांच्या होत्या. स्वतंत्रपणे दिग्दर्शित केलेला हा त्यांचा पहिलाच चित्रपट. विषय होता अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या सुमारे 180 कोळसा खाण कामगारांनी तेरा महिने लढवलेला संप. चित्रपटाची लांबी 103 मिनिटं आणि त्यामागचे कष्ट जवळपास चार वर्षांचे. पुढे 1990 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे सरकारनं कायम जतन करण्याजोग्या ठरवलेल्या चित्रपटांच्या यादीत, त्याला जागा मिळाली.

सामाजिक प्रश्नावरचा माहितीपट म्हटलं की दिग्दर्शकाचं नाव तेवढं पुढे येतं. हा चित्रपट कसा घडला हे पाहू लागलं, की त्या एका नावाभोवती कॅमेरामन, संकलक, गायिका आणि कामगारांच्या बायका अशी मोठी मंडळी उभी दिसतात. यातल्या प्रत्येकानं चित्रपटाला काय दिलं, हे जाणून घेण्यासारखं आहे.

कोळशाचा मुलूख

हार्लन काउंटी केंटकीच्या आग्नेय टोकाला, अ‍ॅपलेशियन डोंगररांगांत आहे. अरुंद दऱ्या, त्यांत वसलेल्या छोट्या वस्त्या आणि डोंगरांच्या पोटात कोळसा. 1930 च्या दशकात इथे युनियन बांधण्याच्या प्रयत्नांवर इतका हिंसाचार झाला, की ‘रक्ताळलेलं हार्लन’ असंच नाव या भागाला पडलं. 1970 च्या दशकातही ती आठवण घराघरात ताजी होती, कारण तेव्हाचे तरुण आता आजी-आजोबा झाले होते.

‘युनायटेड माइन वर्कर्स’ ही खाण कामगारांची देशव्यापी संघटनाही त्या काळात ढवळून निघाली होती. 20 नोव्हेंबर 1968 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टन इथल्या खाणीत स्फोट होऊन 78 कामगार मेले. कोळशाची धूळ वर्षानुवर्षं छातीत साठून होणाऱ्या ‘ब्लॅक लंग’ या फुफ्फुसाच्या रोगानं तर हजारो कामगार धापा टाकत जगत होते. अशा वेळी संघटनेचे अध्यक्ष टोनी बॉइल मालकांशी जुळवून घेतात, असा राग कामगारांत धुमसत होता. त्यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले जॉक याब्लॉन्स्की, त्यांची पत्नी आणि मुलगी यांचा 1969 च्या अखेरीस राहत्या घरी खून झाला. त्या कटात पुढे बॉइल दोषी ठरले. 1972 च्या निवडणुकीत सुधारणावाद्यांचे उमेदवार अर्नोल्ड मिलर निवडून आले.

कोपल यांना खरं तर या सुधारणावादी चळवळीवर चित्रपट करायचा होता. चित्रीकरण सुरूही झालं होतं. तेवढ्यात 1973 च्या उन्हाळ्यात हार्लनमधल्या ब्रुकसाइड खाणीतले कामगार संपावर गेले. या खाणीची मालकी ‘ईस्टओव्हर मायनिंग’कडे होती आणि ती कंपनी ‘ड्यूक पॉवर’ या बलाढ्य वीज कंपनीच्या ताब्यात होती. कामगारांनी बहुमतानं युनायटेड माइन वर्कर्समध्ये जायचं ठरवलं होतं, पण कंपनी त्या संघटनेच्या करारावर सही करायला तयार नव्हती. संघटनेचं नवं नेतृत्व तळातल्या कामगाराच्या पाठीशी खरंच उभं राहतं का, याची परीक्षा आता ब्रुकसाइडमध्ये होणार होती. कोपल आपली यंत्रसामग्री घेऊन तिकडे गेल्या.

माइक हाती घेतलेली दिग्दर्शिका

बार्बरा कोपल यांचा जन्म 1946 चा. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात त्या मानसशास्त्र शिकल्या. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स या बंधूंकडे त्यांनी उमेदवारी केली. हातात पेलता येणारा कॅमेरा आणि सोबत नेता येणारं ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन समोर घडणारं आयुष्य टिपायचं, ही मेझल्स बंधूंची पद्धत. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या साक्षींवरचा ‘विंटर सोल्जर’ (1972) ज्या गटानं मिळून बनवला, त्यातही कोपल होत्या. एकत्र काम करण्याची सवय तिथली.

हार्लनमध्ये बहुतेक वेळा ध्वनिमुद्रण त्यांनी स्वतः केलं. खांद्याला ‘नाग्रा’ यंत्र, कानाला हेडफोन आणि हातात माइकची लांब काठी. ध्वनिमुद्रकाला बोलणाऱ्याच्या अगदी जवळ जावं लागतं, त्याचा श्वास, त्याचं अडखळणं ऐकावं लागतं. दिग्दर्शिकाच तिथे उभी असल्यानं पुढचा प्रश्न त्या ऐकण्यातूनच निघत होता. चित्रपटातली माणसं भाषण केल्यासारखी बोलत नाहीत, त्याचं मोठं कारण हे आहे.

मुक्कामही त्यांनी संपकऱ्यांच्याच घरी केला. सुरुवातीला गावकरी बिचकून होते. बाहेरून येणाऱ्या माणसाकडे संशयानं पाहायला तिथल्या इतिहासानंच त्यांना शिकवलं होतं. पहाटे खाणीच्या रस्त्यावर जायला ही मंडळी रोज आपल्यासोबत उठतात आणि धोका आला तरी पळत नाहीत, हे दिसल्यावर दारं उघडली. म्हणूनच नळ नसलेल्या घरात टपात बसवून मुलाला घातलेली अंघोळ किंवा संपकऱ्यांच्या बैठकीतलं आपसातलं कडाक्याचं भांडण चित्रपटात येऊ शकलं.

पैशांची चणचण कायमचीच होती. कर्ज, देणग्या, संस्थांची छोटी अनुदानं आणि क्रेडिट कार्ड यांवर काम रेटलं गेलं. पैसे संपले की अर्ज लिहायचे आणि रीळ मिळालं की पुन्हा उभं राहायचं.

पहाटेच्या अंधारातला कॅमेरा

मुख्य छायाचित्रण हार्ट पेरी यांचं. केव्हिन कीटिंग यांच्यासह इतरही कॅमेरामन वेळोवेळी सोबत होते. संपाची खरी लढाई भल्या पहाटे होत असे. संपफोड्यांच्या गाड्या खाणीकडे निघत, संपकरी रस्ता अडवत आणि कंपनीच्या बाजूची सशस्त्र माणसं त्यांच्यावर चालून येत. अपुऱ्या उजेडात, 16 मिलिमीटरच्या रिळावर, धक्काबुक्कीत उभं राहून हे टिपायचं होतं.

एका पहाटे गोळ्या झाडल्या गेल्या आणि चित्रपटाच्या चमूवरही हल्ला झाला. पडद्यावरची ती काही क्षणांची दृश्यं जगभर गाजली. चित्र हेलकावतं, कोलमडतं, अंधार होतो, फक्त आवाज ऐकू येत राहतात. कोपल यांनाही मारहाण झाली. जवळचं यंत्र आणि माइकची काठी एवढंच त्यांच्यापाशी बचावाचं साधन होतं. हल्लेखोरांना आधी कॅमेरा बंद पाडायचा होता, हे पाहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

कॅमेरा समोर असेल तर हिंसा कमी होते, हे दोन्ही बाजूंच्या लक्षात आलं होतं. त्यामुळे रीळ संपल्यावरही हा चमू कधी कधी रिकामा कॅमेरा रोखून उभा राहत असे, असं कोपल यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. अशा वेळी फूटभर रीळही चित्रित होत नसे, तरी कॅमेरा आपलं काम करत असे. माहितीपटाच्या इतिहासात मला याहून मोलाची गोष्ट क्वचितच सापडते.

बायकांनी हाती घेतलेला संप

न्यायालयानं मनाई हुकूम काढून खाणीच्या तोंडाशी मोजक्याच संपकऱ्यांना उभं राहू दिलं. तेव्हा ती जागा त्यांच्या बायका, आया आणि बहिणींनी घेतली. त्यांनी ‘ब्रुकसाइड विमेन्स क्लब’ स्थापन केला आणि हातात छड्या घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या. त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढत होत्या. आपल्याकडच्या वाचकाला हार्लनच्या त्या छड्या ओळखीच्या वाटतील. हार्लनच्या बायकांना अटकही झाली, पण रस्ता त्यांनी सोडला नाही.

लोइस स्कॉट ही त्यांची धडाडीची पुढारी. उशिरा येणाऱ्यांना ती सुनावते, घाबरलेल्यांना धीर देते आणि एका प्रसंगी कपड्यांत लपवलेलं पिस्तूल बाहेर काढून दाखवते. तिची ही तयारी पाहून टाळ्याच वाजवाव्यात अशी सोय मात्र चित्रपट करत नाही. बंदुकीला बंदुकीनं उत्तर द्यावं का, यावर बायकांमध्ये झालेली ओढाताणही तो दाखवतो. माणसांवर प्रेम करून त्यांचे वाद न झाकणं, हे या कलावंतांच्या प्रामाणिकपणाचं लक्षण आहे.

हा चित्रपट मुळात संघटनेच्या राजकारणावरचा व्हायचा होता. तो हार्लनच्या घराघरांचा झाला तो या बायकांमुळे. कुठल्या पहाटे काय घडणार, कोण बोलणार, कॅमेरा कुठे उभा राहू शकणार, हे पुष्कळदा त्यांच्या कृतीनं ठरलं. श्रेयनामावलीत त्यांना पटकथाकार म्हटलेलं नाही, तरी चित्रपटाचा आराखडा त्यांच्या हातचा आहे.

गाणं हेच निवेदन

चित्रपटात निवेदकाचा आवाज नाही. आवश्यक तेवढी माहिती पडद्यावरच्या अक्षरांत येते आणि बाकीचं काम गाण्यांवर सोपवलेलं आहे. अ‍ॅपलेशियात खाणीतले अपघात, मृत्यू आणि संप यांची नोंद लोकगीतांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवली आहे. कोपल यांनी त्या परंपरेलाच चित्रपटाचा कणा केलं.

हेझेल डिकन्स या वेस्ट व्हर्जिनियातल्या खाण कामगारांच्या कुटुंबात वाढलेल्या गायिका. त्यांच्या भावाला ‘ब्लॅक लंग’नं नेलं होतं आणि त्यांनी त्या रोगावर गाणं रचलं होतं. त्यांचा आवाज उंच, कोरडा, कसल्याही सजावटीशिवायचा. या चित्रपटासाठी त्यांनी नवं गाणंही लिहिलं. निवृत्त खाण कामगार आणि गायक निमरॉड वर्कमन हेही चित्रपटात आहेत.

सगळ्यात उठून दिसणारा प्रसंग फ्लॉरेन्स रीस यांचा. 1931 मध्ये त्यांचे पती सॅम हे हार्लनमध्ये युनियनचे कार्यकर्ते होते. त्यांना शोधत आलेल्या शेरीफच्या माणसांनी घर उलटंपालटं केलं, तेव्हा रीस यांनी एक गाणं लिहिलं. तुम्ही कोणत्या बाजूचे, हा त्यातला सवाल. पुढे ते अमेरिकेतल्या कामगार चळवळीत सर्वत्र गायलं गेलं. चार दशकांनी, वृद्ध झालेल्या रीस ब्रुकसाइडच्या संपकऱ्यांच्या सभेत उभ्या राहतात आणि ते गाणं स्वतः म्हणतात. आवाज थरथरतो, सभा त्यांच्या सुरात सूर मिसळते आणि 1931 चा लढा 1973 च्या माणसांच्या स्वाधीन होतो.

संकलनाच्या टेबलावर

एवढ्या महिन्यांच्या चित्रीकरणातून 103 मिनिटं निवडण्याची जबाबदारी मुख्यतः नॅन्सी बेकर यांनी उचलली. मेरी लॅम्पसन यांचाही संकलनात हातभार होता. अवघड प्रश्न असा होता, की ब्रुकसाइडचा संप, याब्लॉन्स्की यांचा खून, ‘ब्लॅक लंग’ आणि 1930 च्या दशकाच्या आठवणी हे सगळे धागे गोंधळ न होता विणायचे कसे? बेकर यांनी संपाचा प्रवाह मध्ये ठेवला आणि बाकीचे धागे नेमक्या जागी त्यात सोडले. एखादा म्हातारा कामगार श्वास घेताना अडखळला की पुढे रोगाची माहिती येते. आधी त्या रोगाला चेहरा मिळालेला असतो.

या जुळणीचा सुंदर नमुना म्हणजे न्यूयॉर्कचा प्रसंग. संपकरी ड्यूक पॉवरच्या भागधारकांचं लक्ष वेधण्यासाठी वॉल स्ट्रीटवर फलक घेऊन उभे आहेत. तिथला पोलीस त्यांच्यातल्या एकाशी गप्पा मारतो, पगार विचारतो, आजारपणाची सोय विचारतो आणि आपल्याला काय मिळतं तेही सांगतो. ऐकता ऐकता त्याचं आश्चर्य वाढत जातं. दोन नोकरदार माणसांच्या या साध्या संभाषणाला बेकर यांनी पुरेसा अवधी दिला आहे. संपकऱ्यांची मागणी किती वाजवी आहे, हे कुठल्याही आकडेवारीपेक्षा तिथे अधिक पटतं.

संप मिटला, पुढे काय?

ऑगस्ट 1974 मध्ये लॉरेन्स जोन्स या 23 वर्षांच्या संपकऱ्याला गोळी लागली आणि त्यात तो गेला. त्याची पत्नी जेमतेम सोळा वर्षांची होती आणि मूल तान्हं होतं. अंत्यविधीत त्याच्या आईचा शोक पाहवत नाही. काही दिवसांतच कंपनीनं करारावर सही केली. एवढ्यावर चित्रपट संपवला असता तर शेवट विजयाचा झाला असता. पण कोपल आणि बेकर पुढे जातात. त्याच वर्षी झालेल्या देशव्यापी करारात संघटनेनं कामगारांच्या काही महत्त्वाच्या मागण्या सोडून दिल्या, त्यावरची कामगारांची नाराजीही चित्रपटात आहे. लढा जिंकला आणि तरी काम शिल्लक राहिलं, हे सत्य त्यांनी प्रेक्षकापासून लपवलं नाही.

या प्रामाणिकपणाची मोठी कसोटी दहा वर्षांनी लागली. 1985 मध्ये मिनेसोटा राज्यातल्या ऑस्टिन गावी ‘हॉर्मेल’ या मांस-प्रक्रिया कंपनीतले कामगार वेतनकपातीविरुद्ध संपावर गेले. तासाला 10.69 डॉलरवरून 8.25 डॉलर अशी ती कपात होती. कोपल तिथेही मुक्कामाला गेल्या. हा संप मात्र फसला. स्थानिक युनियन आणि तिची मध्यवर्ती संघटना यांच्यात फूट पडली, आणि कामावर परतावं की नाही यावरून सख्ख्या भावांमध्येही वैर आलं. ते सगळं दाखवणाऱ्या ‘अमेरिकन ड्रीम’लाही (1990) ऑस्कर मिळालं.

2019 च्या जुलैमध्ये ‘ब्लॅकज्युएल’ ही कोळसा कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कामगारांचे पगार बुडाले. तेव्हा हार्लन काउंटीतल्या खाण कामगारांनी कोळशाच्या गाडीचा लोहमार्ग अडवून आठवड्यानुआठवडे ठाण मांडलं. युनियन त्यांच्या पाठीशी उरलेली नव्हती, पण घरची माणसं होती आणि या जिल्ह्यानं पूर्वी काय केलं होतं याची जाणीव होती. ती जाणीव टिकवण्यात या चित्रपटाचा वाटा आहे, असं मी मानतो.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. कोपल, पेरी आणि बेकर यांच्याकडे होतं त्याहून सरस चित्र आणि स्वच्छ ध्वनी कुणालाही मिळवता येतो. त्यांच्यापाशी भरपूर होता तो वेळ, आणि तो त्यांनी संपकऱ्यांच्या स्वयंपाकघरांत, पहाटेच्या रस्त्यांवर आणि संकलनाच्या टेबलापाशी मनापासून खर्च केला. सामाजिक प्रश्नावर चित्रपट करू पाहणाऱ्या तरुणानं या मंडळींकडून आधी हेच शिकावं: ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांच्यात जाऊन राहावं, त्यांच्या वाट्याचा धोका थोडा तरी आपल्या अंगावर घ्यावा आणि निकाल काहीही लागला तरी अखेरपर्यंत तिथून हलू नये.