घड्याळ लावून येणारी डोकेदुखी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या उधाणात बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, त्याच्या पाहणीसाठी पेण तालुक्याच्या खारेपाटात गेलो होतो. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि मी असे तिघे बांधावरून चाललो होतो. शेताचा मालक पस्तीस-छत्तिशीचा, अंगानं धट्टाकट्टा. पण त्याचा उजवा डोळा लालबुंद झालेला, त्यातून पाणी गळतंय आणि पापणी अर्धी मिटलेली. डोळे आलेत का, म्हणून मी विचारलं.

"डोलं नाय आलं साहेब. आत्ताच येऊन गेलं. दुपारी एक येतंय नि राती दीडला एक येतंय, घड्याल लावून. पाऊन तास डोल्यात कोनी तापलेली सली फिरवल्यावानी होतं, मग आपसूक जातंय."

घरी चहाला टेकलो तेव्हा त्याची आई सांगू लागली. रात्री हा अंथरुणातून उठतो, अंगणात येरझारा घालतो, पडवीच्या खांबावर डोकं आपटतो. तीन आठवडे झाले. याला बाहेरचं लागलंय अशी गावात बोलवा झाली. भगताकडून अंगारा आणून झाला. बाम चोळून चोळून कपाळाची सालं निघाली. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या दिवसाला सहा-सहा घेऊन पोटात जळजळ सुरू झाली, डोकं मात्र थांबलं नाही. एवढं सांगून म्हातारी गप्प झाली आणि मग हळूच म्हणाली, फवारणीचं औषध मी पेटीत घालून कुलूप लावलंय.

मी पंचनाम्याचे कागद बाजूला ठेवले. कारण हे दुखणं मला परकं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी रोहा तालुक्यात कामाला असताना मला स्वतःला हे झालं होतं. डाव्या डोळ्याच्या मागे दुखायचं. आधी एका ठिकाणी दाढेचं निदान झालं आणि चांगली दाढ काढली गेली. मग सायनसचं औषध चाललं. दोन महिन्यांनी दुखणं आपोआप गेलं, तेव्हा औषध लागू पडलं असं वाटून मी खूष झालो. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला ते परत हजर! आम्हा विस्तार खात्यातल्या लोकांना दैनंदिनी लिहावी लागते. कुठल्या गावी गेलो, किती वाजता परतलो, सगळं. त्यात मी डोक्याच्या वेळाही टिपत गेलो होतो. मुंबईच्या मेंदुविकार तज्ज्ञांपुढे ती वही ठेवली. त्यांनी पाच मिनिटं पानं चाळली आणि म्हणाले, याला क्लस्टर हेडेक म्हणतात. तपासण्या नंतर केल्या, पण निदान त्या वहीनं केलं.

क्लस्टर म्हणजे घोस. सुपारीच्या घोसात जशा सुपाऱ्या एकीला एक लागून असतात, तसे हे झटके काही आठवडे किंवा दोन-तीन महिने रोज येतात आणि मग महिनोन् महिने, कधी वर्ष-दोन वर्षं नावही नसतं. काहींना मात्र अशी मोकळीक मिळतच नाही. एक झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो. दिवसाआड एक येतो, तसे दिवसाला आठही येऊ शकतात. दुखतं एकाच बाजूला, डोळ्याभोवती नाहीतर कानशिलात. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी गळतं, नाक चोंदतं किंवा वाहतं, पापणी उतरते. झोप लागल्यावर तास-दोन तासांनी हमखास जाग आणणारं दुखणं ते हेच.

आपल्याकडे अशा सगळ्याला अर्धशिशी म्हणून मोकळं होतात. पण अर्धशिशीचा माणूस अंधाऱ्या खोलीत चादर ओढून निपचित पडतो, त्याला हालचाल सोसत नाही. क्लस्टरचा माणूस पडूच शकत नाही. तो फिरतो, डोकं दाबून पुढेमागे झुलतो, प्रसंगी ओरडतो. म्हणूनच भूतबाधेचा संशय लवकर येतो. अर्धशिशी बायकांत जास्त, हे पुरुषांत जास्त, आणि बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतं. बायकांना होत नाही असं मात्र नाही.

ठरल्या वेळेचं कारण मेंदूतच आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो, झोप-जागेचं घड्याळ तो सांभाळतो. झटका चालू असताना हाच भाग जागा झालेला १९९८ साली मेंदूच्या चित्रणात दिसला. ऋतू बदलताना पुष्कळांना पाळी लागते तीही त्यामुळेच असावी. व्हान स्वीटन नावाच्या डच वैद्यानं १७४५ सालीच रोज ठरल्या तासाला डोळ्याच्या वर दुखणारा असा एक रोगी लिहून ठेवला आहे. म्हणजे दुखणं नवं नाही आणि आपल्याच गावाला लागलेलं तर मुळीच नाही.

जगभरचा हिशेब हजारात सुमारे एक माणूस असा आहे. २०११ च्या जनगणनेत पेण आणि रोहा मिळून साडेतीन लाखांवर लोकसंख्या होती. म्हणजे याच दोन तालुक्यांत आयुष्यात कधी ना कधी हे भोगणारी साडेतीनशे माणसं निघायला हवीत. ती कुठे आहेत? काही दातांच्या डॉक्टरकडे, काही भगताकडे, आणि काही रात्री एकटीच अंगणात.

आता उपायाकडे येतो. झटका चालू असताना साध्या गोळ्यांचा उपयोग नाही. गोळी पोटात विरघळून रक्तात जाईपर्यंत झटका ओसरलेला असतो, आणि आपल्याला वाटतं गोळीनं थांबलं. रोज रोज घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर बिघडतं ते वेगळंच. लागू पडतात दोन गोष्टी. एक सुमाट्रिप्टानचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळतं आणि हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना चालत नाही. दुसरी गोष्ट ऑक्सिजन.

होय, सिलिंडरमधला ऑक्सिजन. मलाही आधी थट्टाच वाटली होती. पण लंडनच्या डॉक्टरांनी ७६ रुग्णांवर केलेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. आपण खताचा प्रयोग करताना एक वाफा बिनखताचा ठेवतो, तसं त्यांनी काही झटक्यांना ऑक्सिजन दिला आणि काहींना नुसती हवा. घेणाऱ्याला कोणतं काय ते ठाऊक नव्हतं. ऑक्सिजन दिला तेव्हा पंधरा मिनिटांत शंभरातल्या ७८ वेळा दुखणं थांबलं किंवा पुरेसं उतरलं, हवेनं फक्त २० वेळा.

मात्र तो घेण्याची रीत बरोबर हवी, आणि इथेच घोटाळा होतो. नाकात नळी घालून दोन-तीन लिटरनं काही होत नाही. पिशवी लावलेला मास्क तोंडा-नाकावर घट्ट बसवून मिनिटाला १२ ते १५ लिटर, बसून, किंचित पुढे वाकून, पंधरा-वीस मिनिटं घ्यायचा. दुखणं सुरू झाल्याबरोबर घ्यायचा, कळस झाल्यावर नव्हे. कोरोनात घरोघरी आलेली पाच लिटरची कॉन्सन्ट्रेटर यंत्रं यासाठी अपुरी पडतात. हिशेब सोपा आहे. १२ लिटरनं १५ मिनिटं म्हणजे १८० लिटर. दीड घनमीटरच्या लहान सिलिंडरमध्ये १५०० लिटर असतो, म्हणजे आठ झटके निभावतात. सात घनमीटरच्या मोठ्या सिलिंडरमध्ये अडतीस.

सिलिंडर डॉक्टरांच्या चिठ्ठीनं भाड्यानं घरी ठेवता येतो. धाटावच्या एखाद्या वर्कशॉपमधला वेल्डिंगचा सिलिंडर आणून प्रयोग करू नका, तो माणसासाठी भरलेला नसतो. जवळ चूल, विडी, देवाचा दिवा नको आणि व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावू नका, भडका उडतो. जुना दमा किंवा धूम्रपानानं फुप्फुसं गेलेली असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पेण तालुक्यातल्या डोळवीच्या पोलाद कारखान्यातून ऑक्सिजनचे टँकर भरून बाहेर जात होते. अख्खा महाराष्ट्र त्या टँकरकडे डोळे लावून होता. त्याच तालुक्यात माणसं ऑक्सिजनच्या औषधावाचून खांबावर डोकं आपटतात, याचं मला वाईट वाटतं. पेण आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. पण मध्यरात्री तडफडत गेलं तर तिथे पोहोचेपर्यंत झटका उतरतो, आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना धडधाकट माणूस दिसतो. म्हणून दिवसाढवळ्या, वही घेऊन जा. वेळा लिहिलेल्या असू द्या: कधी सुरू, कधी बंद, कुठली बाजू, डोळ्यातून पाणी आलं का. झटका चालू असताना घरच्यांनी मोबाईलवर चेहऱ्याचं चित्रण करून ठेवलं तर फारच चांगलं. मेंदुविकार तज्ज्ञांसाठी मुंबईत केईएम, जे.जे., शीव, नायर ही रुग्णालयं आहेत.

झटके येऊच नयेत म्हणून पाळी चालू असेपर्यंत वेगळी औषधं देतात. त्यातलं मुख्य व्हेरापामिल, म्हणजे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते ईसीजी काढूनच सुरू करतात आणि डोस वाढवतानाही काढतात. त्याचा गुण येईपर्यंत थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा डोक्याच्या मागे एक इंजेक्शन देतात. शेजाऱ्याचं प्रिस्क्रिप्शन घेऊन मेडिकलात जाऊ नका, मधुमेह असेल तर स्टिरॉइडनं साखर चढते.

पाळी चालू असताना दारू-माडी पूर्ण बंद. घोट घेतल्यावर तासाभरात झटका येतो, अनुभव घेऊन बघायची गरज नाही. (मी घेतला आहे.) दुपारची झोपही टाळावी. काहींना पेट्रोल, रंग, थिनरच्या उग्र वासानं सुरू होतं, तेव्हा पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत रंगकाम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

माझ्या खात्याची म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. फवारणीनंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, तोंडाला लाळ सुटलीय, घाम फुटलाय, अंधुक दिसतंय, तर ती विषबाधा समजा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. तसंच आयुष्यात पहिल्यांदाच एकाएकी भयंकर डोकं दुखलं, ताप आला, मान ताठली, हातपाय लुळा पडला, नजर गेली किंवा पन्नाशीनंतर हे नव्यानं सुरू झालं, तर वही लिहीत बसू नका, १०८ ला फोन करा.

आणि घरच्यांना एक सांगणं. या दुखण्यात माणूस जिवावर उदार होतो, डॉक्टरांच्या पुस्तकांतही तसं लिहिलं आहे. त्या आईनं पेटीला कुलूप लावलं ते शहाणपणाचं केलं. त्याला एकटं सोडू नका, नाटक करतो म्हणू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

खारेपाटातला तो भाऊ त्याच आठवड्यात पेणला दाखवून आला, तिथून पनवेलला गेला. ईसीजी काढून औषध सुरू झालं, भाड्यानं सिलिंडर आला. पहिल्या रात्री त्यानं मास्क लावला तेव्हा आई हातात घड्याळ धरून बसली होती. बारा मिनिटं, असं तिनं मला सांगितलं. पाळी पुढे तीन आठवडे चालली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं तांबड्या पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, त्या डिसेंबरच्या मध्यावर थांबल्या. ती पानं फाडू नको, पुढच्या दिवाळीला डॉक्टरांकडे घेऊन जा, एवढं त्याला सांगून मी बांधाच्या मोजमापाला गेलो.