हिरवे पाणी आणि तुरटीचा खडा

‘पाणी उकळून प्या’ हे वाक्य आम्ही आजवर किती वेळा उच्चारले, त्याची मोजदाद नाही. आमच्या गटातल्या दोघीतिघी नर्सिंगची पदविका घेतलेल्या. दवाखान्यात, लसीकरणाच्या दिवशी, जुलाबाची साथ आली की वस्तीत दारोदार फिरून हेच सांगत आलो. ते चुकीचे नव्हते. कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू उकळल्याने मरतात. पण गेल्या उन्हाळ्यात नदीवर धुणे धुणाऱ्या एका आजीने विचारले, “बाई, हे हिरवं पाणी उकळलं तर चालंल का?” आणि आमच्यापैकी एकीलाही लगेच उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके उघडावी लागली.

उत्तर असे, की चालणार नाही.

उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यावर रंगाचा डबा सांडल्यासारखी जी हिरवी साय येते, ते बहुतेक वेळा नील-हरित शेवाळ असते. नाव शेवाळाचे, पण खरे तर ते एक प्रकारचे जिवाणूच. त्यांच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात. ते यकृतावर घाव घालते. पाणी उकळले की शेवाळ मरते, पण पेशी फुटून आतले विष पाण्यात उतरते आणि उकळीने ते नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात या विषाची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकी खाली ठेवली आहे. अशा पाण्यात हात-पाय बुडवून तास-तासभर उभे राहिले तर अंगाला खाज सुटते, पुरळ येते. नदीवर धुणे धुणाऱ्या बायकांच्या पिंढऱ्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या खाजेचे कारण शोधायला मात्र कोणी आले नाही.

ब्राझीलमधल्या कारुआरू गावची १९९६ सालची घटना आम्हाला नर्स म्हणून विसरता येत नाही. तिथल्या एका डायलिसिस केंद्रात जलाशयाचे पाणी टँकरने येत होते. त्याचे शुद्धीकरण नीट झाले नव्हते आणि त्यात शेवाळाचे विष होते. डायलिसिसमध्ये पाणी पोटात जात नाही, त्याचा संबंध थेट रक्ताशी येतो. शंभरावर रुग्णांना मळमळ, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास सुरू झाला. त्यांतल्या सुमारे ५० जणांचा मृत्यू या विषाने झाला. मशीन लावणाऱ्या परिचारिकांनी आपले काम चोखच केले असेल. पाण्यात काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आता हे शेवाळ कशावर पोसते? आपल्यातल्या शेती करणाऱ्यांना सांगायला नको. नत्र आणि स्फुरद. पिकाला जे खत, तेच शेवाळाला. माणसाच्या मल-मूत्रातून रोज दहा ग्रॅमच्या आसपास नत्र आणि एक-दीड ग्रॅम स्फुरद बाहेर पडते, त्यातले जास्त लघवीतून. आमच्यासारख्या तीस हजार वस्तीच्या गावाचा हिशेब केला तर रोजचे तीनशे किलो नत्र आणि तीस ते पंचेचाळीस किलो स्फुरद. एक किलो स्फुरदावर वाळल्या वजनाने शंभर किलोच्या घरात शेवाळ वाढू शकते. म्हणजे गटारीतून आम्ही रोज नदीला खताची पोती सोडतो.

“पण आपल्याकडे तर प्रकल्प आहे ना?” हा प्रश्न विहारातल्या बैठकीत पहिल्यांदा आला, आणि तो रास्त होता. म्हणून आम्ही सातआठ जणी मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प पाहायला गेलो. तिथला ऑपरेटर भला मुलगा. बाहेर पडणारे पाणी त्याने काचेच्या ग्लासात धरून दाखवले. स्वच्छ, वास नाही. आमच्यातली एक म्हणाली, “आपल्या नळाच्या पाण्यापेक्षा बरं दिसतंय की!” मग आम्ही नोंदवही मागितली. सामू, बीओडी, तरंगणारे कण यांचे आकडे होते. नत्र आणि स्फुरद यांचा रकानाच नव्हता.

दोष त्या मुलाचा नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने मैलापाण्याचे जे निकष काढले, त्यांतही सामू, बीओडी, तरंगणारे कण आणि विष्ठेतले जंतू एवढेच आहेत. बीओडी म्हणजे पाण्यातली सडणारी घाण किती प्राणवायू खाईल, त्याचे माप. साधा प्रकल्प हवा सोडून ही घाण जिवाणूंकरवी खाऊन टाकतो, म्हणून पाणी निवळते. पण त्यात अमोनियाचे फार तर नायट्रेट होते, नत्र पाण्यातच राहते. आलेल्या स्फुरदाचा पाऊण हिस्सा तसाच पुढे जातो. ग्लासात दोन्ही दिसत नाहीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात कडक निकष मान्य केले. त्यांत एकूण नत्र लिटरला १० मिलिग्रॅम आणि तळी-जलाशयांत जाणाऱ्या पाण्यात स्फुरद १ मिलिग्रॅम असे आकडे आहेत.

सध्या आमच्या नगरपरिषदेत प्रकल्पाच्या वाढीचा प्रस्ताव फिरतो आहे. माहिती अधिकारात कागद काढले, तर त्यात टाक्या मोठ्या करायच्या, पंप बदलायचे, भिंत बांधायची. नत्र-स्फुरदाचा शब्द नाही. एका नगरसेवकांनी आम्हाला समजावले, “ताई, पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सगळं पाणी मुळा-मुठेतून, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि उजनीत जातं. आपलं पाणी म्हणजे त्यात थेंब.” उजनी ११७ टीएमसीचे धरण, तिथले हिरवे पाणी आणि जलपर्णी सगळ्यांनी पाहिली आहे, आणि सोलापूर शहर त्याच धरणाचे पाणी पिते. मोठ्या शहरांचा वाटा मोठा, हे आम्हालाही मान्य आहे. पण एप्रिल-मे महिन्यात नदीची धार तुटते. तेव्हा आमच्या बंधाऱ्यामागे जे साचते, त्यात आमचाच प्रकल्प आणि आमचाच नाला असतो. तिथे आपण थेंब नाही, आपणच नदी आहोत. आणि नाल्याच्या तोंडाशी बंगले नाहीत, आमची वस्ती आहे.

काठावरच्या विहिरी आणि बोअरमध्ये नायट्रेट झिरपते, हा दुसरा धोका. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेले बाटलीचे दूध दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. ओठ, नखे निळसर पडतात. हे पाणीही उकळून सुधारत नाही. पाणी आटते आणि नायट्रेट उलट घट्ट होते. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्या, पाण्याचा थेंबही नको, असे आपण बाळंतिणीला सांगतो, त्याला हे आणखी एक कारण.

सुधारणा म्हणजे कोट्यवधींचे नवे यंत्रच हवे असे नाही. नत्र काढायचे तर जिवाणूंना आधी हवा द्यायची, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होते. मग हवा तोडायची. हवा मिळेना की काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन वर निघून जाते. आपल्या श्वासाच्या हवेत ७८ टक्के तेच असते, त्याचा त्रास नाही. यासाठी टाकीचा पुढचा भाग भिंत घालून वेगळा करतात. तिथे हवा न देता पाणी फक्त ढवळतात आणि मागचे नायट्रेटवाले पाणी पंपाने पुन्हा तिथे आणतात. काही प्रकल्पांत ब्लोअर ठरावीक वेळ बंद ठेवूनही बरेच साधते, वर विजेचे बिल कमी येते. मात्र प्रकल्पावर आधीच जादा पाणी येत असेल तर ही युक्ती चालत नाही, अमोनिया तसाच राहतो. म्हणून क्षमता वाढवायला आमचा विरोध नाही. त्याच कामात हे बसवा, एवढेच म्हणणे आहे. झालेले काँक्रीट फोडून पुन्हा करायला पैसा कोण देणार?

स्फुरदाचा उपाय तर आपल्या आज्यांच्या ओळखीचा आहे. गढूळ पाण्याच्या हंड्यात त्या तुरटीचा खडा फिरवत. तीच तुरटी मोजून सोडली की तिच्यातले ॲल्युमिनियम स्फुरदाला धरते आणि दोन्ही गाळात बसतात. खर्च रोजचा आहे आणि गाळ वाढतो. तो गाळ सुकवायला जागा आणि न्यायला गाडी अंदाजपत्रकात धरली नाही, तर तो एखाद्या रात्री नाल्यातच जाईल. असे होताना आम्ही पाहिले आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. बिनहवेची टाकी म्हणजे हायड्रोजन सल्फाइड साचण्याची जागा. आत ढवळायचा मिक्सर असणार. त्यात चिंध्या, प्लॅस्टिक, केस अडकणार, तो बंद पडणार. मग टाकीत कोण उतरणार? ठेकेदार कोणाला हाक मारतो, हे या अंकाच्या वाचकाला सांगायची गरज नाही. हा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, वास गेला असे वाटते आणि माणूस आत वाकतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार-टाकीत माणूस उतरवणे गुन्हा आहे. मृत्यू झाला तर द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. आम्हाला भरपाई नको आहे. मिक्सर वाहत्या खांबावर बसवा, म्हणजे साखळी ओढून तो वरच्या वर काढता येतो. टाकीच्या तोंडाशी चांगली जाळी बसवा. गॅस मोजायचे यंत्र ऑपरेटरच्या खिशात द्या. ही तीन कलमे निविदेत आली, तर कोणाला आत उतरायची वेळच येणार नाही. आराखडा कागदावर असतानाच हे होऊ शकते.

निवेदन दिले आहे. त्यात एवढेच मागितले: नोंदवहीत नत्र-स्फुरदाचा रकाना आणि महिन्याला तपासणी, प्रस्तावात हवेविना भाग आणि तुरटीची सोय, गाळाची तजवीज आणि वरची तीन कलमे. तुमच्या गावात असा प्रस्ताव येत असेल तर सर्वसाधारण सभेच्या आधी कागद मागून घ्या, सभेनंतर नाही. काठावरच्या विहिरीचे पाणी जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत तपासायला द्या आणि ‘नायट्रेट पण बघा’ असे सांगा.

आजीला आम्ही उत्तर दिले. हिरवी साय दिसली की ते पाणी प्यायचे नाही, त्यात पोरांना पोहू द्यायचे नाही, शेळीलाही पाजायचे नाही. आजी म्हणाली, “मग धुणं कुठं न्यू?” तिच्यासह अकरा जणींचे अंगठे आणि सह्या असलेला नळजोडणीचा अर्ज आम्ही त्याच निवेदनाला जोडला आहे.