कावीळ नेमकी कोणती? हिपॅटायटिसचे पाच प्रकार आणि ते पसरण्याच्या वाटा

घरात कुणाला कावीळ झाली की आधी त्याचे ताट-वाटी वेगळी होते. रिपोर्टमध्ये ‘हिपॅटायटिस बी’ आले, तर माणूसच वेगळा काढला जातो. घरातल्या पिण्याच्या पाण्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. काळजी घ्यायलाच हवी, पण ती योग्य जागी. त्यासाठी कावीळ कोणत्या प्रकारची आहे, हे आधी कळले पाहिजे.

हिपॅटायटिस म्हणजे यकृताला (लिव्हरला) आलेली सूज. ती आणणारे मुख्य विषाणू पाच: ए, बी, सी, डी आणि ई. डोळे आणि लघवी पिवळी होणे सगळ्यांत सारखेच दिसते. दारू, काही औषधे किंवा पित्तनलिकेतील खडे यांमुळेही कावीळ होते. म्हणून प्रकार ओळखायला रक्ततपासणीच लागते.

पाण्यातून आणि अन्नातून: ए आणि ई

हे विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि दूषित पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातात.

अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. शुद्धीकरण केंद्रात स्वच्छ झालेले पाणी घरापर्यंतच्या वाटेत बिघडू शकते. नळ काही दिवसांआड येत असेल, तर मधल्या काळात पाइप रिकामा राहतो. तो कुठे फुटलेला असेल आणि शेजारून नाली वाहत असेल, तर घाण पाणी आत ओढले जाते. खारपाणपट्ट्यातील गावांत टँकरचे किंवा साठवलेले पाणी उघडे राहिले, त्यात हात बुडाले, तरी हाच धोका असतो.

2012 मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली होती. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. ती साथही ईचीच होती, हे पुढे स्पष्ट झाले.

दूषित पाणी पोटात गेल्यावर कावीळ दिसायला साधारण 2 ते 10 आठवडे लागतात. त्यामुळे दोष कालच्या पाणीपुरीचा नसतो. मागच्या दोन महिन्यांत कुठले पाणी प्यालो, कुठे बर्फ घातलेला रस घेतला, ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

घरात गर्भवती असेल तर

हिपॅटायटिस ई बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र तो जिवावर बेततो: अशा 100 स्त्रियांपैकी 20 ते 25 जणी दगावू शकतात. घरात किंवा मोहल्ल्यात कावीळ असेल, तर तिला उकळून थंड केलेलेच पाणी द्या. तिचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

रक्तातून: बी, सी आणि डी

- बी: बाळंतपणात आईकडून बाळाला, असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकदा वापरलेल्या सुईतून किंवा दुसऱ्याच्या ब्लेडमधून.
- सी: मुख्यतः रक्तातून.
- डी: ज्याला बी आहे त्यालाच होतो. बीची लस घेतली की डीपासूनही बचाव होतो.

2009 मध्ये गुजरातमधील मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली. त्यामागे पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंज होत्या. म्हणून इंजेक्शन घेताना नवे पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. सलूनमध्ये नवे ब्लेड मागा. जत्रेत गोंदवून घेताना सुई नवीनच हवी.

एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा एका घरात राहिल्याने बी आणि सी पसरत नाहीत. रुग्णाचे ताट वेगळे करू नका. वेगळे ठेवायचे ते रेझर, टूथब्रश आणि नेलकटर. बी असेल तर पती-पत्नी आणि मुलांची तपासणी करून लस घ्या.

बाळाला बीची पहिली लस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायची असते, नंतर 6, 10 आणि 14 आठवड्यांना. आईला बी असल्याचे आधी कळले, तर बाळासाठी जास्तीचे इंजेक्शनही तयार ठेवता येते.

घरी काय करावे?

- नळाचे पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका. पाणी उकळा, झाका आणि ओगराळ्याने काढा.
- शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा.
- ए किंवा ईचा रुग्ण असेल, तर त्याने काही दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये.
- गुंगी, असंबद्ध बोलणे, सतत उलट्या किंवा रक्तस्राव दिसला, तर लगेच रुग्णालयात जा.

काविळीची माळ किंवा झाडपाला घेऊन बरे वाटल्याचे अनेक जण सांगतात. ए आणि ई बहुधा आपोआप बरे होतात, त्याचे श्रेय माळेला जाते. बी किंवा सी मात्र डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यावरही शरीरात राहून वर्षानुवर्षे यकृत खराब करू शकतात.

सी बहुतेकांमध्ये साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी औषधांनी आटोक्यात राहतो. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात चौकशी करा. जाताना जुने रिपोर्ट सोबत ठेवा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: “डॉक्टर, ही कावीळ कोणती?”