परगांवीं शिकणाऱ्या मुलांचें जेवण

जून-जुलै उजाडला कीं महाराष्ट्रांतील किती तरी घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं पुण्यास निघते. बरोबर लाडवांचा डबा असतो, चिवड्याची पिशवी असते, आणि पुढें दर महिन्यास पैसेहि जातात. एवढें केलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें वडीलधाऱ्यांस वाटतें. परंतु लाडू पंधरा दिवसांत संपतात, आणि त्यानंतर तें मूल काय खातें याची नीट चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. दिवाळीस तें घरीं आलें म्हणजे "किती वाळलास रे!" एवढे आजीचे उद्गार निघतात. त्या मधल्या चार महिन्यांविषयीं आज आम्ही दोन शब्द लिहिणार आहों.

शंभर वर्षांपूर्वीं पुण्यास आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. कोणी माधुकरी मागत असे. त्या चालींत लाचारी होती, आणि ती गेली हें उत्तमच झालें. १९५५ सालीं पुण्यांत विद्यार्थी साहाय्यक समिति स्थापन झाली व खेड्यापाड्यांतील होतकरू मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय अधिक सन्मानानें होऊं लागली. पण जुन्या चालींत एक गुण होता. वाराच्या घरची गृहिणी ताटावरील मुलाकडे पाहत असे. तो आज कमी जेवला हें तिच्या ध्यानांत येई. आजचा विद्यार्थी भाड्याच्या खोलींत राहतो, खाणावळींत जेवतो किंवा जेवतहि नाहीं, आणि तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

अभ्यासानें शिणलेल्या मुलास रात्रीं दहा वाजतां जें हवें असतें, तें केवळ पोट भरण्यापुरतें अन्न नसतें. जिवास बरें वाटेल, घराची आठवण शांत होईल, असें कांहीं तरी ऊन-ऊन त्यास हवें असतें. ही भूक खोटी नव्हे, आणि काकडी-कोशिंबिरीच्या उपदेशानें ती भागत नाहीं. अशा वेळीं हाताशीं असतो तो वडापाव, नाहीं तर दोन मिनिटांच्या शेवयांचें पुडकें. या शेवया बहुधा मैद्याच्या व तळलेल्या असतात. पुडक्यावर सोडियमचा आंकडा मिलिग्रॅममध्यें छापलेला असतो. त्यास अडीचनें गुणिलें कीं मिठाचें प्रमाण कळतें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाकांठीं ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगितलें आहे. मुलांनीं हा गुणाकार एकदां स्वतः करून पाहावा, म्हणजे आम्हांस अधिक लिहिण्याचें कारण उरणार नाहीं.

मग घरच्या चवीचें, स्वस्त आणि अंगीं लागणारें असें काय आहे? पहिला मान खिचडीचा. एका माणसास ६० ग्रॅम तांदूळ व ४० ग्रॅम सालीची मूगडाळ पुरे. लहान चमचाभर तेलाची हिंग, जिरें, हळद घालून फोडणी करावी. गाजर, दुधी, पालक यांपैकी त्या दिवशीं मंडईंत जें स्वस्त असेल तें मूठभर टाकावें. चौपट पाणी घालून कुकरच्या तीन शिट्ट्या होऊं द्याव्या. वरून अर्धा चमचा तूप. एवढ्या खिचडींतून सुमारें १४ ग्रॅम प्रथिनें मिळतात. ५५ किलो वजनाच्या तरुणीस दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतात, म्हणजे एका वेळीं जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. शिवाय तांदळांत लायसिन नांवाचें द्रव्य कमी, तें डाळींत भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, तें तांदळांत पुरेसें. एकानें दुसऱ्याची उणीव भरून काढावी असा हा जोडा आहे. भाव गांवोगांव निराळे, म्हणून आम्ही रुपये लिहीत नाहीं. वाचकांनींच वाण्याची यादी पुढें घ्यावी आणि हा खर्च खाणावळीच्या एका ताटाशीं ताडून पाहावा.

दुसरी वस्तु मटकीची उसळ. मटकी रात्रभर भिजवून फडक्यांत बांधून ठेवली कीं दुसऱ्या दिवशीं मोड येतात. त्यांनीं ती पचावयास हलकी होते व तींतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. मिसळीची हौस असेल तर हीच उसळ जरा पातळ करावी, कांदा-कोथिंबीर घालावी, आणि फरसाण मूठभरांऐवजीं चिमूटभर घ्यावें. लिंबू मात्र अवश्य पिळावें, कारण त्यांतील 'क' जीवनसत्त्वानें लोहाचें शोषण वाढतें. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यास अडथळा आणतो. तो तासाभरानें घ्यावा. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेंकडा ५९ मुलींस रक्तक्षय आढळला. आपल्या सुशिक्षित घरांतील मुलगी त्यांत नसेलच, असें कोणी गृहीत धरूं नये.

घरून काय पाठवावें, याचाहि विचार हवा. लाडू-चिवडा पाठवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्याच डब्यांत थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट यांस जागा द्यावी. दोन्ही भाजलेल्या धान्याचीं असल्यानें कोरड्या बरणींत चांगलीं टिकतात. मऊ भात, मेतकूट आणि तूप यांत आजारी मुलासहि आईजवळ बसल्यासारखें वाटतें. भाजणींत कांदा व चिरलेली मेथी घालून तव्यावर चमचाभर तेलांत थालीपीठ लावावें, बरोबर दह्याची वाटी घ्यावी. बटाटेवड्याचीच आठवण झाली, तर तें सारण पिठांत बुडवून आप्पेपात्रांत थेंब-थेंब तेलावर भाजावें. तळणीचें काळें तेल पुन्हां-पुन्हां तापविण्यापेक्षां हें केव्हांहि बरें.

एक इशारा देणें अवश्य आहे. फोडणीचा भात मुलांचा आवडता. परंतु शिजलेला भात रात्रभर तसाच उघड्या खोलींत ठेवल्यास त्यांत बॅसिलस सेरिअस नांवाचे जंतु वाढतात, आणि त्यांचें एक विष पुन्हां तापवूनहि जात नाहीं. फ्रीज असेल तर भात निवतांच त्यांत ठेवावा. नसेल तर लागेल तेवढाच शिजवावा.

यासाठीं मोठा संसार लागत नाहीं. तीन लिटरचा कुकर, एक तवा, एक कढई, पळी, सुरी आणि विजेची शेगडी एवढें पुरतें. घरमालकाची परवानगी मात्र आधींच घ्यावी. ती चोरून करण्याची गोष्ट नव्हे. चौघां मित्रांनीं वाटून घेतलें तर खर्च आणि श्रम दोन्ही चौथाईवर येतात. एकानें बाजार, एकानें चिरणें, एकानें फोडणी, एकानें भांडीं. आठवड्यानें पाळी बदलावी आणि पैशांची वही रोज लिहावी. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलास ही रीत नवी वाटूं नये.

नवी वाटते ती पळी धरण्याची. याचा दोष मुलांकडे जात नाहीं. मुलगा बारावी होईपर्यंत त्यास पाण्याचा पेलाहि हातांत आणून द्यावयाचा, आणि मग एकदम परगांवीं पाठवावयाचें, ही आपल्या घरांची पद्धतच चुकीची आहे. मुलीस थोडें शिकवितात, मुलास तेंहि नाहीं. जणूं भूक फक्त मुलींनाच लागते! कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' हें पुस्तक १९७० सालीं निघालें, तें वाटी-चमच्याच्या मापांमुळें नवशिक्यांसहि सोपें वाटलें. त्याच मापांनीं घरांतील काकू, आजी यांनीं मे महिन्याच्या सुटींत आठवड्यांतील दोन संध्याकाळ मुलांच्या हवालीं कराव्या. पहिली खिचडी तळाशीं लागेल, दुसरी पचपचीत होईल. घरच्यांनीं ती हंसत खावी. तिसरी चांगली होते, असा आमचा अनुभव आहे. आणि ती एकदां साधली, म्हणजे परगांवच्या खोलींत रात्रीं दहा वाजतां आपलें मूल उपाशी निजणार नाहीं, एवढा भरंवसा घरच्यांस मनीऑर्डरीनें येत नाहीं तो येईल.