तलाव आटला, धूळ छातीत शिरली

दम्याच्या रुग्णाला पंप लिहून देताना आम्ही सांगतो, ‘धुळीपासून जपा.’ पण गावाभोवतीची हवाच धुळीने भरत असेल, तर त्याने जपायचे कसे? अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात हाच प्रश्न उभा राहिला.

सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, सुमारे चार हजार फूट उंचीवर हे खोरे आहे. पाऊस जेमतेम; पण डोंगरावरचा बर्फ वितळला की ओढे खळाळून वाहतात. पायूट आदिवासींनी या पाण्याचे पाट काढले होते. नंतर आलेल्या गोऱ्या लोकांनी त्याच पाण्यावर शेती केली, गुरांसाठी कुरणे राखली. उरलेले पाणी ओवेन्स तलावात जाई.

१९०५ पासून लॉस एंजेलिस शहराने इथल्या जमिनी पाण्याच्या हक्कासह विकत घेतल्या. १९१३ मध्ये कालवा सुरू झाला आणि नदीचे पाणी शहराकडे वळले. चिडलेल्या स्थानिकांनी १९२४ मध्ये कालव्याचा काही भाग सुरुंगाने उडवला. पाणी मात्र परतले नाही. काही वर्षांतच तलाव कोरडा पडला.

नुकसान शेतीपुरते थांबले नाही. तलावाच्या तळाशी क्षार होते, आर्सेनिकही होते. वारा सुटला की हा पांढरा थर उडून गावांवर येई. धुळीचे मोठे कण नाकात अडकतात. पण दहा मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढे, श्वासनलिकांत खोलवर जातात. त्याने दमा उसळतो, जुना खोकला बळावतो, हृदयविकाराच्या रुग्णालाही धोका वाढतो. अमेरिकेत अशा कणांची मर्यादा दिवसाच्या सरासरीने घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम आहे. इथे ती कित्येक पटींनी ओलांडली जाई.

हवा प्रदूषण नियंत्रण विभागाने पाठपुरावा केला. १९९८ मध्ये शहराशी करार झाला आणि २००१ पासून तळावर उथळ पाणी सोडणे, खारे गवत लावणे, खडी पसरणे ही कामे सुरू झाली. धूळ पुष्कळ कमी झाली, पाणपक्षी परतले. खर्च मात्र दोनशे कोटी डॉलरच्या पुढे गेला.

धुळीच्या दिवसांत खिडक्या लावाव्यात, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, पंप चुकवू नये. हे मी सांगतच राहीन. पण या खोऱ्यातल्या लोकांचा खरा इलाज दवाखान्यात नव्हता. तो तलावाच्या तळावर होता, आणि तो व्हायला पाऊणशे वर्षे लागली.